केंख्रियेचा धक्का

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्राँझचा एक छोटा समुद्रदेव आहे. ग्रीकांचा पोसायडन. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा तो मातीतून वर आला. लहानपणी आबा मला रविवारी तिथं घेऊन जायचे. मला ओढ तलवारींची, आणि आबा मात्र त्या एवढ्याशा देवापुढे थांबून राहायचे. "लांबनं आलाय बघ पाव्हणा," म्हणायचे, "किती बंदरं बघितली असतील यानं."

आबा लष्कराच्या सॅपर पलटणीत होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सॅपर म्हणजे फौजेच्या आधी जाऊन वाट करणारा, पूल टाकणारा, सुरुंग काढणारा, खंदक खणणारा शिपाई. घरी परसात त्यांचा टिकाव भिंतीला टेकवलेला असायचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दोन वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये केंख्रियेच्या किनाऱ्यावर उभी होते, तेव्हा मला ते दोघंही आठवले, तो देव आणि आबा. कोरिंथपासून दहाएक किलोमीटरवरचं हे जुनं बंदर. आता बंदर असं काही उरलेलं नाही. एक लहानसा आखात, नितळ पाणी, आणि त्या पाण्याखाली स्पष्ट दिसणाऱ्या दगडी भिंती. दक्षिणेकडचा धक्का बराचसा समुद्राच्या पोटात गेलाय. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी इथं आला होता. समुद्रात शिरणाऱ्या धक्क्यावर पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, अशी नोंद त्यानं करून ठेवली आहे.

मी गेले होते ते मात्र एका माणसासाठी. इ.स. ६७ मध्ये तो या धक्क्यावर उतरला. बादशहानं बोलावलं म्हणून आला होता, शस्त्राशिवाय, फौजेशिवाय. उतरताच त्याला कळलं की आपल्या मृत्यूचा हुकूम आधीच निघालेला आहे. त्यानं तलवार ओढून घेतली, स्वतःच्या शरीरात खुपसली आणि एकच ग्रीक शब्द उच्चारला: "आक्सिओस."

ग्नायस डोमिशियस कॉर्बुलो. नीरो बादशहाच्या काळातला रोमचा सर्वांत मोठा सेनापती.

हा माणूस जहाजात चढलाच का, हा प्रश्न गेली कित्येक वर्षं माझी पाठ सोडत नाही. पूर्वेकडच्या सगळ्या फौजा त्याला ओळखत होत्या, त्याला घाबरत होत्या, आणि माझी खात्री आहे की त्याच्यावर जीवही टाकत होत्या. इ.स. ६३ मध्ये त्याला जे अधिकार मिळाले, त्यांची तुलना रोमन इतिहासकार टॅसिटसनं थेट जुन्या काळच्या पॉम्पी या बलाढ्य सेनापतीच्या अधिकारांशी केली आहे. तरी बोलावणं आलं आणि तो निघाला.

कॉर्बुलोची पहिली मोठी गोष्ट र्‍हाइन नदीकाठची आहे, इ.स. ४७ मधली. तेव्हा गादीवर क्लॉडियस होता. कॉर्बुलोला तिथं ढिली पडलेली फौज मिळाली आणि त्यानं ती वठणीवर आणली. खंदक खणताना कमरेला तलवार नव्हती म्हणून एका शिपायाला त्यानं मृत्युदंड दिला, दुसऱ्याला कमरेला नुसताच खंजीर होता म्हणून, असं सांगत. टॅसिटस म्हणतो, या गोष्टी वाढवून सांगितलेल्या असतील; पण अशा गोष्टी ज्याच्याबद्दल पसरतात, तो माणूस कडक असणारच. मग कॉर्बुलो नदीपलीकडे शिरला. शत्रूच्या मुलुखात छावणी ठोकत असतानाच क्लॉडियसचं पत्र येऊन थडकलं: मागे फिरा.

त्यानं काय केलं असतं, याचे पर्याय त्याच्याही डोळ्यांपुढे असतीलच. तो एवढंच म्हणाला: पूर्वीचे रोमन सेनापती भाग्यवान होते. आणि माघारीचा इशारा दिला. पुढे रिकाम्या शिपायांना आळस चढू नये म्हणून त्यांच्याकडून त्यानं र्‍हाइन आणि म्यूज या नद्यांच्या मधे तेवीस रोमन मैलांचा कालवा खणून घेतला. नेदरलँड्समध्ये त्या कालव्याचे अवशेष आजही सापडतात. क्लॉडियसनं त्याला विजयाची मानचिन्हं दिली, युद्ध मात्र करू दिलं नाही.

'पूर्वीचे सेनापती' म्हणताना त्याच्या मनात काय होतं, ते सांगायला हवं. 'इम्परेटर' हा शब्द मुळात सैनिकांची आरोळी. लढाई जिंकली की शिपाई आपल्या सेनापतीला या नावानं गर्जून मान द्यायचे. रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस, त्यानं ती आरोळी आपल्या नावातच घेऊन ठेवली, पहिलं नाव म्हणून. इ.स.पू. १९ नंतर राजघराण्याबाहेरच्या कुणाचीही विजययात्रा रोमच्या रस्त्यावरून निघाली नाही. घराण्याबाहेरच्या सेनापतीला ती आरोळी शेवटची मिळाली इ.स. २२ मध्ये, ब्लीससला, आणि तीही बादशहा टायबेरियसनं परवानगी दिली म्हणून. त्यानंतर लढाई कुणीही जिंकावी, इम्परेटर एकच. पुढे कॉर्बुलोनं आर्मेनियाची राजधानी आर्टाक्साटा घेतली, तेव्हा 'इम्परेटर' म्हणून जयघोष झाला तो हजारो कोस दूर रोममध्ये बसलेल्या नीरोचा. पुतळे आणि कमानी त्याच्यासाठी ठरल्या.

ही व्यवस्था क्रूर होती असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. मारियस, सुला, पॉम्पी, सीझर, अँटनी या प्रत्येकामागे त्याची स्वतःची फौज होती आणि त्यापायी रोमनं तीन पिढ्या एकमेकांचं रक्त सांडलेलं होतं. फौज कुठल्या एका सेनापतीची नसावी, ही ऑगस्टसची धडपड मला पूर्ण समजते. पण त्याची किंमत अशी की साम्राज्य टिकायला उत्तम सेनापती हवेत आणि गादी टिकायला ते फार उत्तम नकोत. टॅसिटसनं आपल्या सासऱ्याच्या, अ‍ॅग्रिकोलाच्या चरित्रात डोमिशियन बादशहाच्या मनातली ही कळ नेमकी पकडली आहे: बाकी गुणांकडे कानाडोळा करता येतो, चांगला सेनापती असणं हा मात्र बादशहाचाच गुण. ब्रिटनमध्ये जिंकून परतलेला अ‍ॅग्रिकोला स्वागताला गर्दी होऊ नये म्हणून रात्री रोममध्ये शिरला, रात्रीच राजवाड्यावर गेला. बादशहानं घाईघाईत त्याचं चुंबन घेतलं, एक शब्दही न बोलता, आणि अ‍ॅग्रिकोला दरबारी हुजऱ्यांच्या घोळक्यात मिसळून गेला. निदान तो अंथरुणात मेला.

कॉर्बुलोकडे परत येते. नीरोनं त्याला पूर्वेकडे पाठवलं ते आर्मेनियासाठी. रोम आणि पार्थिया या दोन सत्तांच्या मधोमध सापडलेला हा डोंगराळ देश. तिथं कुणाचा माणूस राजा व्हायचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या ओढाताण. सीरियातून जी फौज त्याच्या हाती आली, तिच्यातल्या काही जुन्या शिपायांनी कधी पहारा दिला नव्हता, छावणीभोवतीचा खंदक हे त्यांना नवल वाटत होतं. शिरस्त्राण नाही, चिलखत नाही, शहरात राहून चार पैसे गाठीला बांधलेले. कॉर्बुलोनं म्हातारे आणि आजारी घरी पाठवले, नवी भरती केली आणि सगळ्यांना आर्मेनियाच्या हिवाळ्यात तंबूत ठेवलं. जमीन इतकी गोठलेली की खणल्याशिवाय तंबूची खुंटी रोवता येईना. पहाऱ्यावरचे शिपाई थंडीनं मेले. लाकडाची मोळी घेऊन निघालेल्या एका शिपायाचे हात इतके गोठले की मोळीसकट गळून पडले, अशी हकिगत टॅसिटसनं नोंदवून ठेवली आहे. आणि या सगळ्यात कॉर्बुलो हलक्या कपड्यांत, उघड्या डोक्यानं त्यांच्यातून फिरायचा; कुणाला शाबासकी, कुणाला धीर. पळून जाणाऱ्याला पहिल्याच वेळी मृत्यू. माफी नाही.

त्याचं एक वाक्य फ्रंटायनस या रोमन लेखकानं लष्करी युक्त्यांच्या ग्रंथात जपून ठेवलंय: शत्रूला डोलाब्रानं जिंकायचं असतं. डोलाब्रा म्हणजे रोमन शिपायाचा टिकाव, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला टोक. हे वाक्य मी आबांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "खरं बोलला गडी." मग जरा वेळानं, "नाव काय म्हणालीस त्याचं?" त्यांनी ते दोनतीनदा उच्चारून बघितलं. नंतर बरेच दिवस ते मला विचारत राहिले, "तुझ्या कॉर्बुलोचं पुढं काय झालं गं?" शेवट मी त्यांना पुष्कळ दिवस सांगितला नाही.

त्याला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. आर्टाक्साटा त्यानं जाळून जमीनदोस्त केलं. टायग्रॅनोसर्टाच्या वेढ्यात पकडलेल्या एका सरदाराचं मुंडकं त्यानं यंत्रानं शहरात भिरकावलं, ते नेमकं चाललेल्या सभेच्या मधोमध पडलं आणि शहर शरण आलं. अशा माणसाच्या मृत्यूचं दुःख करताना मी हे विसरत नाही. तरी दुःख होतंच.

इ.स. ६२ मध्ये नीरोनं आर्मेनियासाठी वेगळा सेनापती पाठवला, सीझेनियस पाइटस. त्यानं अर्ध्या वर्षात फौजेची दैना करून र्‍हांडिया इथं पार्थियनांपुढे गुडघे टेकले. कॉर्बुलो मदतीला निघाला होता. मुद्दाम सावकाश निघाला, असंही काहींचं म्हणणं. पाइटस रोमला परतला तेव्हा नीरो त्याला म्हणाला, मी तुला लगेच माफ करतो, नाहीतर तुझ्यासारखा भित्रा माणूस काळजीनंच आजारी पडायचा. पाइटस जगला, आणि पुढे सीरियाचा सुभेदारसुद्धा झाला.

पुढच्या वर्षी त्याच र्‍हांडियात कॉर्बुलोनं ती नामुष्की पुसून काढली, आणि रक्त न सांडता. आर्मेनियाचा पार्थियन राजा टिरिडेटीस यानं मस्तकावरचा मुकुट काढून नीरोच्या पुतळ्याच्या पायाशी ठेवायचा आणि तो पुन्हा घालायला रोमला नीरोच्या हातून घ्यायचा, असं ठरलं. दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर उभ्या, मधे चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीवर पुतळा. या सोहळ्यापेक्षा मला नंतरची मेजवानी जास्त आवडते. टिरिडेटीस एकेक गोष्ट विचारत होता: पहारा बदलला की अधिकारी येऊन वर्दी का देतो? जेवण संपल्यावर कर्णा का वाजतो? वेदीवरचा अग्नी खालून मशालीनं का पेटवतात? आणि कॉर्बुलो प्रत्येकाचं कारण सांगत होता, जरा फुगवूनच, रोमचा दिमाख दिसावा म्हणून. आपल्या पलटणीतल्या रिवाजांबद्दल कुणी विचारलं की आबांचा चेहरा जसा उजळायचा, तसाच तोही उजळला असणार.

इ.स. ६६ मध्ये टिरिडेटीस खरोखर रोमला गेला. नीरोनं त्याला मुकुट घातला, थाटामाटात. पण नीरोला वीणा वाजवत गाताना, रथ हाकताना पाहून त्या परक्या राजाला किळस आली आणि तो त्याला म्हणाला, "महाराज, कॉर्बुलोच्या रूपानं तुम्हाला फार चांगला गुलाम मिळालाय." इतिहासकार कॅसियस डिओ ही गोष्ट सांगतो आणि पुढे म्हणतो, नीरोला या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

मला वाटतं, पुढे कुणीतरी त्याला तो समजावून दिला असावा.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. टिरिडेटीसबरोबर कॉर्बुलोनं आपल्या जावयाला, अ‍ॅनियस विनिसियानसला रोमला पाठवलं होतं. दिसायला सोबत म्हणून, खरं तर ओलीस म्हणून, आपल्या निष्ठेची हमी द्यायला. याच जावयाच्या नावानं मग इटलीतल्या बेनेव्हेंटममध्ये नीरोविरुद्ध कट उघडकीला आला. तेव्हा नीरोच्या संशयाला काहीच आधार नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण कॉर्बुलोला स्वतःला बंड करायचं असतं, तर तो एकटा बोटीत बसून आला नसता.

नीरो तेव्हा ग्रीसमध्ये होता. स्पर्धांमागून स्पर्धा, गाणं, रथ, नाटक, आणि सगळीकडे पहिला नंबर. डिओच्या हिशेबानं परत जाताना त्याच्याकडे १८०८ विजयमुकुट होते. कोरिंथच्या संयोगभूमीतून कालवा काढायचंही त्यानं मनावर घेतलं. केंख्रियेपासून ती जागा अगदी जवळ. कर्णे वाजले, नीरोनं स्वतः पहिली कुदळ मारली आणि पहिली टोपलीभर माती खांद्यावरून वाहून नेली. बादशहांचा चरित्रकार सुटोनियस यानं टोपलीसाठी वापरलेला लॅटिन शब्द आहे 'कॉर्बुला'. तो शब्द वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे ज्यूंच्या मुलखातल्या गॅलिलीच्या युद्धात पकडलेले सहा हजार तरुण कैदी या खोदकामावर पाठवले गेले. नीरो मेला आणि काम थांबलं. आजचा कालवा १८९३ साली खुला झाला, जवळजवळ नीरोनंच धरलेल्या रेषेवर.

याच दिवसांत जर्मनीतल्या दोन फौजांचे सेनापती, स्क्रिबोनियस बंधू, असेच प्रेमानं बोलावले गेले आणि त्यांना स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या. कॉर्बुलोलाही आलेलं पत्र गोडच होतं. नीरो त्याला वडील म्हणायचा, उपकारकर्ता म्हणायचा. तो केंख्रियेला पोचला तेव्हा नीरो रंगमंचावर जाण्याच्या तयारीत होता. गायकाच्या लांब, सैल झग्यात आपण या माणसासमोर कसं जायचं, याची त्याला लाज वाटली, असं डिओ म्हणतो, आणि म्हणून त्यानं भेटीआधीच मारायचा हुकूम दिला. टॅसिटसचा ग्रंथ इथपर्यंत येण्याआधीच तुटलेला आहे. कॉर्बुलोनं स्वतः लिहिलेल्या आठवणी, ज्या प्लिनी या रोमन पंडितानं पूर्वेच्या भूगोलासाठी वापरल्या, त्याही गेल्या. उरली ती डिओची ही हकिगत, आणि तो शब्द.

आक्सिओस. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: लायक. आपल्याकडेही हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. लायक माणूस म्हणजे गुणी माणूस, आणि "तू याच लायकीचा" म्हटलं की ती शिवी. डिओ याचा अर्थ असा लावतो की त्या गवयाला जिवंत सोडून त्याच्याकडे निःशस्त्र आलो, ही आपली चूक कॉर्बुलोला तेव्हा पहिल्यांदा उमगली. म्हणजे, 'मी याच लायकीचा.' मला ते पूर्णपणे पटत नाही. मला त्यात दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात, आणि दुसरा त्या धक्क्यावरच्या प्रत्येक शिपायाला उद्देशून.

आबांना एकदा एका नदीवर पूल टाकायचं काम मिळालं होतं. निम्मा पूल उभा राहिला आणि बदलीचा हुकूम आला. कारण त्यांना कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. पूल दुसऱ्या कुणी पुरा केला, पाटीवर नावही त्याचंच लागलं. "मग तुम्ही काय केलंत?" मी चिडून विचारायची. "काय करणार? हुकूम आला, निघालो." आवाजात राग नसायचा. उलट थोडा अभिमानच, आणि तोच मला सहन व्हायचा नाही. कॉर्बुलोचा शेवट मी त्यांना अखेर सांगितला, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरांना जन्मभर एकच शिकवलं असंल, हुकूम आला की निघायचं. मग सोताला कसं सोडायचं माणसानं?"

केंख्रियेच्या पाण्याकडे बघताना मला तेच वाक्य ऐकू येत होतं. खंदकात तलवार नाही म्हणून ज्यानं शिपाई मारला, थंडीत पहिल्याच पळून जाण्याला ज्यानं माफी दिली नाही, त्यानं स्वतःच्या बोलावण्याला नाही कसं म्हणायचं? नीरोला मारेकरी धाडावे लागले नाहीत, वेढा घालावा लागला नाही. त्याची खरी सत्ता तीच होती, आणि ती कॉर्बुलोनं आपल्या हातांनी, टिकावानं, बर्फात उभी केली होती.

त्याच सुमारास ज्यूडियातलं ज्यूंचं बंड मोडायला नीरोला सेनापती हवा होता. त्यानं व्हेस्पेशियनला निवडलं. सुटोनियस कारण देतो: माणूस कामाचा, पण घराणं आणि नाव इतकं साधं की त्याच्यापासून भीती नाही. दोन वर्षांत, १ जुलै ६९ रोजी, अलेक्झांड्रियातल्या फौजांनी त्यालाच बादशहा म्हणून पुकारलं. रोमच्या बाहेरही बादशहा करता येतो, हे साम्राज्याचं गुपित फुटलं, असं टॅसिटस नीरोच्या मृत्यूनंतरच्या दिवसांबद्दल लिहितो. इटलीत क्रेमोनाजवळ व्हेस्पेशियनच्या बाजूच्या फौजांची विरोधकांशी निर्णायक लढाई रात्रभर चालली. पहाट झाली तेव्हा तिसऱ्या गॅलिका पलटणीनं सीरियातल्या रिवाजाप्रमाणे उगवत्या सूर्याला मुजरा केला, आणि नव्या कुमकेचं स्वागत चाललंय असं वाटून विरुद्ध बाजूचा धीर सुटला. तिसरी गॅलिका ही कॉर्बुलोची पलटण. आर्मेनियाच्या तंबूंतली.

त्याच्या मागे त्याची मुलगी राहिली, डोमिशिया. व्हेस्पेशियनच्या धाकट्या मुलानं, डोमिशियननं, तिच्याशी लग्न केलं; कॉर्बुलोच्या नावाची किंमत नव्या घराण्याला चांगली ठाऊक होती. ती सम्राज्ञी झाली. इ.स. ९६ मध्ये डोमिशियनचा राजवाड्यात खून झाला, त्या कटाची तिलाही खबर होती, असं सुटोनियस लिहितो. सिनेटनं डोमिशियनचं नाव दगडांवरून खरवडून काढायला लावलं. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली.

रोमजवळ गॅबी नावाचं गाव होतं. तिथं इ.स. १४० मध्ये तिच्या घराण्याच्या स्मरणार्थ तिनं मुक्त केलेल्या दासदासींनी एक देऊळ बांधलं, त्याचा शिलालेख सापडलाय. त्यात ती कुणाची पत्नी, हे लिहिलेलं नाही. लिहिलंय, डोमिशिया ऑगस्टा, ग्नायस डोमिशियस कॉर्बुलोची मुलगी.